ठकूआत्याचं रिकामं आळं

साळवंडी आणि उंबरखोलच्या मधल्या नदीवर पूल नव्हता, कासार बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून पायी गावं हिंडायचा, आणि दिवस कुठला ते माणसं नक्षत्रांवरून सांगायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांची नातवंडंही म्हातारी होऊन गेली. तरी साळवंडीत ती परवा घडल्यासारखी सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात.

साळवंडीत ठकू नावाची बाई होती. ती गावचीच लेक. लग्न होऊन गेली, चार वर्षांत नवरा पटकीनं गेला, आणि कडेवर मुलगी घेऊन ती माहेरी परत आली. भाऊ नव्हता. आईबाप गेल्यावर शेत चुलत्यांनी घेतलं, तिच्या वाट्याला दोन खणांचं घर आणि त्यामागचा परस एवढंच राहिलं. गावच्या लेकीला गावातली पोरं आत्या म्हणतात, म्हणून ती ठकूआत्या झाली. पुढं तिच्याहून मोठी माणसंही तिला आत्याच म्हणू लागली.

परस केवढा? चार बाजा टाकल्या की भरेल एवढा. पण त्या चार बाजांच्या जागेत बारा महिने काहीतरी हिरवं असायचं. असं म्हणतात, की उन्हाळ्यात गावची विहीर तळाला जायची तेव्हाही ठकूआत्याच्या परसात भांडी विसळलेल्या पाण्यावर अळू डोलत असायचा. असंही म्हणतात, की ती मातीला कान लावून कोंब किती बोटं वर आलाय ते सांगायची. खरं असेल, नसेल. एवढं मात्र खरं, की तिनं खुरपं उचललं की गाव खुरपं उचलायचं.

चैत्रात ती माती उकरून उन्हात तापत टाकायची. वैशाखात बी काढायची. काकडी-भोपळ्यासारख्या वेलांचं बी शेणाच्या गोवरीत दाबून ती गोवरी भिंतीला थापायची, म्हणजे किडा लागत नाही आणि लावताना गोवरीसकट मातीत घालता येतं. बाकीचं बी राखेत घोळवून वाळलेल्या दुधी भोपळ्यांच्या तुंब्यांत भरायची आणि तुंबे आढ्याला टांगायची. रोहिणीत आळी खणायची, म्हणजे वेलासाठीचे गोल खळगे, आणि त्यांत शेणखत मुरवायची. मृगात भोपळा, दोडका, पडवळ. आर्द्रात वांगी-मिरचीची रोपं. पुनर्वसूत मांडव. पुढं निंदणं, वेलाचे शेंडे खुडणं, हस्ताच्या सरी ओसरल्या की मेथी-मुळा. दिवाळी झाली की जुना मांडव उतरवून घेवड्याला नवा. थंडीत पाणी सकाळी उन्हं आल्यावरच घालायचं, आधी नाही. माघात चांगल्यातलं चांगलं फळ बियाला राखायचं आणि त्याला चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून कापत नाही. आणि फाल्गुनात होळी विझली की घमेलं घेऊन सगळ्यांत आधी हजर, वर्षभराची राख आणायला.

हे सगळं तिनं गावाला शिकवलं, आणि शिकवताना कुणाची गय केली नाही. शेजारची द्वारका एकदा म्हणाली, "आत्या, आज अंगात कणकण हाय, उद्या लावते दोडका."

"लाव की. पण मग उद्याच्या दोडक्याला परवाची फुलं येतील, आणि तेरवा तू माझ्याकडं भाजी मागायला येशील," ठकूआत्या म्हणाली. "माती थांबायची न्हाई, बाई. मातीला सबब सांगू नये."

हे तिचं नेहमीचं बोलणं. माती थांबायची नाही. दुसरा नियम बियाचा. कितीही भरवशाच्या घरचं बी असो, लावण्याआधी त्यातलं एक दाताखाली धरून बघायचं. जितं बी दाताखाली गप्प दबतं, मेलेलं कुरकुरतं. आणि तिसरा नियम, अर्धं बी मातीला, अर्धं आढ्याला. सगळं बी एकदम कधी लावायचं नाही.

तिच्या मुलीचं नाव गोजरा. मातीत लोळत वाढलेली, आईपेक्षा जास्त बोलणारी, आईच्या नियमांची नक्कल करून सगळ्या आळीला हसवणारी. ती सोळा वर्षांची झाली आणि नदीपलीकडच्या उंबरखोलमध्ये तिचं लग्न झालं. दोन दिवसांची वाट. घर चांगलं होतं, पण लांब होतं.

त्या भागात अशी रीत होती, की लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणी पिऊ नये. आणि लेकीला माहेरी आणायची तर मुराळी जावा लागे, म्हणजे न्यायला आलेला भाऊ किंवा चुलता. मुराळ्याशिवाय सासरचे लेक धाडत नसत. ठकूआत्याला ना भाऊ, ना मुलगा. चुलत्यांशी शेतावरून बोलणं तुटलेलं. म्हणून पाठवणीच्या दिवशी तिनं मुलीच्या ओटीत नारळाबरोबर भोपळ्याचं बी बांधून दिलं.

"दरसाल वैशाखात तुझ्या परसातलं बी गोवरीत दाबून लखू कासाराबरोबर धाड," ती म्हणाली. "जितं बी आलं की मी समजंन, माझी गोजी बरी हाय."

"आणि मेलेलं आलं मंग?"

"तोंडाला काय हाड हाय का तुझ्या! पाठवणीच्या दिवशी असं बोलतात व्हय?"

गोजरा डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू असं करून म्हणाली, "बोलले तर काय झालं? तू काय दाताखाली धरल्याबिगर बी लावणार हायस?"

सगळ्या बायका हसल्या. ठकूआत्याही हसली. हे हसणं साळवंडीतल्या बायकांनी पुढं फार दिवस आठवलं.

पहिल्या वैशाखात गोवरी आली. ठकूआत्यानं एक बी काढून दाताखाली धरलं. गप्प दबलं. त्या वर्षी तिच्या छपरावर अकरा भोपळे धरले आणि ते तिनं घरोघर वाटले. "माझ्या गोजीचा भोपळा," असं सांगत. दुसऱ्या वैशाखात गोवरी आली. तेही बी जितं. तिनं त्या दिवशी सण केला.

तिसऱ्या वर्षी वैशाख सरत आला तरी लखू कासार दिसेना. ठकूआत्या रोज संध्याकाळी वेशीपर्यंत जाऊन यायची. रोहिणी लागली त्या दिवशी तो आला. माळ उतरवून ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि पडशीतून गोवरी काढून दिली.

"कशी हाय माझी पोर?"

"बरी म्हणायची," लखू म्हणाला. "दरसालचं माप भरलं तर बांगडी कोपरापर्यंत गेली की, आत्या. म्हणलं हात वाळला गं तुझा. तर हसली. म्हणाली, लहान मापाच्या भरा, मामा."

"कामाचा हात हाय. वाळायचाच. काही निरोप?"

"सासू शेजारी बसलेली. पोर म्हणली, आईला सांगा, बी नीट बघून लाव."

ठकूआत्याला हसू आलं. आईचा नियम आईलाच शिकवते! तिनं गोवरी छातीशी धरली, हुंगली, उलटसुलट करून पाहिली. गोवरीवर पोरीची पाच बोटं उमटलेली होती. त्या बोटांवर तिनं आपली बोटं ठेवून पाहिली.

मृगाचा दिवस आला. आळं तयार होतं. तिनं गोवरी मधोमध मोडली, अर्धी आढ्याला ठेवली आणि अर्धी हातात घेतली. नियमाप्रमाणं आता एक बी काढायचं, दाताखाली धरायचं. तिचा हात थांबला. बी काढायचं तर गोवरीचा तो तुकडा फोडावा लागणार होता, आणि त्याच तुकड्यावर दोन बोटांचे ठसे होते.

"लेकीच्या हातचं बी काय तपासायचं," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तुकडा आहे तसा आळ्यात ठेवून वर माती लोटली.

सगळ्या गावाला जो नियम तिनं ओरडून ओरडून शिकवला, तो तिनं आयुष्यात एकदाच मोडला. मायेनं मोडला. साळवंडीत म्हणतात, की दैवाला वाकडं पाऊल लागत नाही, त्याला एवढीशी फट पुरते.

आठ दिवसांत कोंब यायला हवा. आला नाही. द्वारकाचा आला, पलीकडच्या घरचा आला, आळशी म्हणून गावभर नाव असलेल्या धोंडू न्हाव्याच्या उकिरड्यावरसुद्धा भोपळा उगवला. ठकूआत्याच्या आळ्यात काही नाही.

द्वारका कुडावरून डोकावली. "आत्या, तुमच्याच आळ्यात न्हाई उगवलं म्हंजे आता आम्ही कुणाकडं बघायचं वं?"

"तुझ्या कोंबड्यांकडं बघ. त्यांनीच उकरलं असंल."

तिनं आळ्याभोवती बोराट्या लावल्या. मग तिला वाटलं मुंग्या असतील, म्हणून राख टाकली. मग वाटलं पाणी साचतंय, म्हणून पाट काढला. शेण कमी पडलं असेल म्हणून शेण घातलं. जास्त झालं असेल म्हणून काढलं. मृग संपला, आर्द्रा लागली. सकाळी उठून ती आधी आळ्यापाशी जायची, गुडघ्यांवर बसायची, मातीला कान लावायची. आत काही बोलत नव्हतं. तिला लाज वाटायला लागली होती. जिच्याकडं बघून गाव पेरतं तिचंच आळं कोरं! तिनं रात्रंदिवस मातीचा दोष शोधला, पाण्याचा शोधला, कोंबड्यांचा, मुंग्यांचा शोधला. बियाचा शोधला नाही.

आर्द्रेचे दोन दिवस राहिले तेव्हा तिनं ठरवलं, दुबार लावायचं. आढ्याची अर्धी गोवरी खाली काढली. आता उशीर झालेला, आता चूक नको, म्हणून गोवरी फोडून तिनं एक बी बाहेर काढलं आणि दाताखाली धरलं.

ते कुरकुरलं.

तिनं दुसरं काढलं. तेही कुरकुरलं. टरफल जरा तांबूस होतं, आत मगज करपलेला, आणि जिभेला किंचित मीठ लागलं. मीठ लावून तव्यावर भाजलेलं बी होतं ते. एक नाही, सगळं.

असं म्हणतात, की त्या वेळी ठकूआत्या ओरडली नाही. तिनं आळीतल्या बायकांना सांगितलं एवढंच, "एक महिना झाला. माझी पोर एक महिना मला हाका मारती आणि मी शेण कमी-जास्त करती."

द्वारका म्हणाली, "आत्या, खायला धाडलं असंल. भाजलेल्या बिया खातातच की."

"गोवरीत दाबून?"



ठकूआत्या उठली. नदीला पूर होता. नावाडी नाव काठावर उलटी घालून गावाला निघून गेला होता, पंधरा दिवस तरी तो येणार नव्हता. ठकूआत्या घरात गेली आणि आढ्याला टांगलेले तुंबे तिनं एकेक करून खाली काढले. त्या तुंब्यांत सगळ्या साळवंडीचं बी होतं. वांगी, मिरची, मुळा, मेथी, घेवडा, माठ. बुचं काढून तिनं ते सगळं जमिनीवर ओतलं. बी मिसळलं, सांडलं, उंबऱ्यापर्यंत गेलं. जन्मभर एक दाणा वाया जाऊ न देणारी बाई त्या बियांवरून चालत बाहेर पडली. रिकामे तुंबे तिनं दोरीनं ओवून अंगाभोवती बांधले आणि त्यांची सांगड करून नदीत उतरली.

"आत्या, पाणी चढतंय! चार दिवस थांबा की!" गावकरी काठावरून ओरडले.

तिनं मागं पाहिलं नाही. असं म्हणतात, की नदीनं तिला तीन वेळा खाली ओढलं आणि तीन वेळा तुंब्यांनी वर आणलं. असं म्हणतात, की पलीकडं ती लागली तेव्हा एकच तुंबा उरला होता, बाकीचे नदीनं ठेवून घेतले.

उंबरखोलला ती पोचली ती पुनर्वसूच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची. गोजराच्या सासरच्या दारात एक बाई सारवत होती. ती गोजराची सासू, सोनाबाई. तिनं वर पाहिलं. ओलीचिंब, अंगाला दोरी, कमरेला तुंबा अशी ठकूआत्या पाहून तिच्या हातातला सारवणाचा बोळा गळाला.

"तुमाला कुणी सांगितलं?" सोनाबाई म्हणाली. "आमी तर अजून माणूसबी धाडलं न्हाई. नदी उतरंना."

ठकूआत्या ओट्याला धरून खाली बसली. तिला कळलं.

गोजराला जाऊन चार दिवस झाले होते. फाल्गुनापासून अंगात ताप मुरलेला, अन्न ठरत नव्हतं. वैदूचा काढा झाला, देवऋषी झाला. सोनाबाई वाईट नव्हती, हे ठकूआत्यालाही दिसत होतं. सांगताना ती रडत होती.

"माहेरी जाते म्हणायची. पण मुराळी आल्याबिगर लेक कशी धाडायची, तुमीच सांगा? लोक म्हणतील आजारी सून हाकलून दिली. म्हणलं, कुणी न्यायला आलं तर धाडू. तर गप बसली. आणि मंग एक दिवस चुलीपाशी बसून भोपळ्याच्या बिया भाजाय लागली. म्हणलं, अगं बियाला ठेवलेलं बी ते, भाजतीस काय? तर हसली. म्हणाली, आईला आवडतात."

ठकूआत्यानं कमरेचा तुंबा सोडून ओट्यावर ठेवला.

"मंग रोज परसात जाऊन बसायची," सोनाबाई म्हणाली. "तिथनं वाट दिसती न्हवं. म्हणायची, मृगाला आई बी दाताखाली धरती, मृगाला कळंल. मृग गेला. मंग म्हणाली, आता दुबार लावंल, आर्द्रात कळंल. काय कळंल ते आमाला काय कळलं न्हाई. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाली, आईनं यंदा न तपासताच लावलं वाटतं."

परसात मांडवाचे चार खांब उभे होते. बाजूला आळं होतं, खणून तयार केलेलं, काठ बोटांनी नीट गोल केलेले. त्यात काही लावलेलं नव्हतं. भिंतीला एक गोवरी थापलेली होती. ठकूआत्यानं ती सोडवली, एक बी काढलं, दाताखाली धरलं. गप्प दबलं. जितं होतं. पोरीनं जितं बी घरात ठेवलं होतं आणि मेलेलं धाडलं होतं.

त्या घरचं पाणी तिला वर्ज्य होतं. ते पाणी ती त्या दिवशी प्यायली. म्हणाली, आता कसली रीत.

नदी उतरल्यावर, श्रावणात, ती साळवंडीला परत आली. गोजराचं जितं बी तिनं आणलं नाही. ते गोजराच्या आळ्यात लावून आली, असं काहीजण म्हणतात. नदीत सोडलं, असं काहीजण. परत आली तेव्हा तिच्या घरात, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, सांडलेलं बी ओलाव्यानं उगवलं होतं. जमिनीवर मेथी, भिंतीकडेला वांगी, अंथरुणाच्या जागी मुळा. सगळं फिकट, उन्हाला पारखं. तिनं ते उपटलं नाही. आपोआप वाळून गेलं.

गावाला वाटलं, दिवस जातील तशी आत्या सावरेल. आत्या सावरली नाही. तिनं काम मात्र सोडलं नाही, आणि तेच बघवत नसे. ज्या आळ्यात भाजलेलं बी घातलं होतं, त्याच रिकाम्या आळ्याचं ती वर्षभराचं सगळं करू लागली. रोहिणीत ते खणायची, खत मुरवायची. मृगात त्यापुढं बसायची, काही न लावता माती लोटायची. पुनर्वसूत त्यावर मांडव घालायची, कशाचाच नसलेला. भाद्रपदात नसलेले शेंडे खुडायची. माघात मांडवाच्या काठीला चिंधी बांधायची, जशी बियाच्या फळाला बांधतात. वैशाखात गोवरी थापायची, आत काही नसलेली. आणि रोज, भर पावसातसुद्धा, त्या आळ्यात एक तांब्या पाणी.

असं म्हणतात, की त्या आळ्यात गवताची काडी कधी उगवली नाही. पावसाळ्यात साळवंडीत दगडावर हिरवं येतं, भिंतीवर येतं, पण ते हातभर वर्तुळ वर्षानुवर्षं कोरं राहिलं.

गावातल्या बायका तरी सवयीनं विचारायला यायच्या. "आत्या, कारल्याला मुंग्या लागल्यात, काय करू?"

"तुझी थोरली कशी हाय?" ठकूआत्या विचारायची.

"बरी असंल की. कारल्याचं सांगा."

"असंल? बघून आलीस का?"

कारल्याचं ती सांगायची नाही. हळूहळू बायका यायच्या बंद झाल्या. लेकी दिल्या घरी सुखी आहेत असं प्रत्येकीला मानायचं असतं, आणि या बाईच्या ओट्यावर ते मानता येत नसे.

अशी नऊ वर्षं गेली. दहाव्या वर्षी मृगाच्या आदल्या दिवशी द्वारका पाणी घेऊन गेली तेव्हा ठकूआत्या आळ्याच्या काठाशी आडवी झाली होती. कान मातीला लावलेला.

"आत्या, घरात चला," द्वारका म्हणाली. "उद्या मृग."

"मी गावाला एक खोटं शिकवलं गं, द्वारके," ठकूआत्या म्हणाली. "मी म्हणायची, माती थांबायची न्हाई. माती थांबती. आज न्हाई लावलं तर उद्या घेती, यंदा न्हाई तर पुढल्या साली घेती. लेक थांबत न्हाई."

त्यानंतर ती बोलली नाही. संध्याकाळपर्यंत संपली.

दुसऱ्या दिवशी मृग होता. गावानं तिला पोचवलं आणि रीतीप्रमाणं आपापल्या परसात बी लावायला घेतलं. द्वारकानं भिंतीची गोवरी फोडली, एक बी दाताखाली धरलं. ते कुरकुरलं. शेजारच्या घरी कुरकुरलं. वरच्या आळीला, खालच्या आळीला, पाटलाच्या परसात, धोंडू न्हाव्याच्या उकिरड्याशेजारी, सगळीकडं तेच. साळवंडीतलं झाडून सगळं बी, गोवरीतलं, तुंब्यातलं, मडक्यातलं, एका रात्रीत भाजलं गेलं होतं. टरफल तांबूस, मगज करपलेला, जिभेला मीठ.

 सगळ्यांत आधी द्वारका उठली. हात न धुता तिनं डोक्यावर पदर घेतला आणि लेकीच्या गावची वाट धरली. तिच्यामागं दुसरी निघाली. मग पुरुष निघाले. ज्यांचं व्याह्यांशी वाकडं होतं ते निघाले, ठकूआत्याचे चुलतेही निघाले. दुपारपर्यंत गावात म्हातारीकोतारी आणि गुरं राहिली.

बहुतेकांच्या लेकी बऱ्या होत्या. आईबाप असे अवेळी दारात बघून त्या घाबरल्या, मग रडल्या, मग हसल्या. दोघी बऱ्या नव्हत्या, त्यांना पाटीत बसवून घरी आणलं. द्वारकाची थोरली त्यांपैकी एक. ती वाचली. दुसरी वाटेतच गेली. एकीच्या घरी, तिच्या भावाला, अंगणात फक्त सुतक भेटलं.

त्या वर्षी साळवंडीच्या एकाही परसात काही उगवलं नाही. गाव मीठ-भाकर खाऊन राहिलं. पुढच्या वर्षीचं बी लेकींनी आपापल्या सासरहून आणून दिलं. साळवंडीत आज जो भोपळा होतो, तो त्या बियाचा.

तेव्हापासून साळवंडीत मृग लागला की लगेच कुणी बी लावत नाही. आधी घरातलं एक माणूस लेकीच्या गावी जातं. बाई गेली तरी चालते, मूल झालं असो वा नसो, तिथलं पाणी पिते, आणि न्यायला आलेल्या बाईलाही तिथं मुराळी म्हणतात. ती परत येऊन "बघून आले" म्हणत नाही तोवर आळी तयार असली तरी उघडी राहतात. कधी मृग जातो, कधी आर्द्राही जाते. शेजारच्या गावची माणसं हसतात. म्हणतात, साळवंडीचा दोडका नेहमी उशिरा.

आता रस्ता झाला, पूल झाला, फोन आले. परवा एका नव्या सुनेनं विचारलं, "सासूबाई, फोनवर वन्सं बरी आहे म्हणाल्या की. मग एवढ्या लांब कशाला जायचं?"

सासूनं पिशवी उचलली आणि म्हणाली, "गोवरीवर पाची बोटं उमटली होती गं. तीबी बरी हाय असंच सांगत होती."

आणि प्रत्येक परसात एक आळं जास्तीचं खणतात. खत घालतात, काठ बोटांनी गोल करतात, मांडवही घालतात, पण त्यात काही लावत नाहीत. त्याला ठकूआत्याचं आळं म्हणतात. पावसाळ्यात तिथं गवत उगवतं, ते रोज उपटावं लागतं. घरातली जी कोणी उपटते ती खाली बसली की क्षणभर मातीला कान लावते. ऐकू काही येत नाही. तरी लावते.